बाबांचं रान

"पाणी कसं आहे गं आज?" बाबांनी आरामखुर्चीतून विचारलं.

"एकदम काचेसारखं, बाबा," सून म्हणाली आणि पोरीच्या तोंडात घास कोंबला.

टाकीतलं पाणी काचेसारखं नव्हतं. खरं म्हणजे टाकीची काचही आता काचेसारखी राहिली नव्हती. बैठकीच्या खोलीतल्या त्या तीन फुटी टाकीत कुणीतरी हिरव्या शाईची दौत उपडी केली असावी असं वाटायचं. आत सात गप्पी मासे आहेत असं घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. अधूनमधून एखादं शेपूट दिसे, तेवढाच पुरावा.

सूनबाई लिफ्टच्या कंपनीचे तक्रारीचे फोन घरूनच घ्यायची. "घाबरू नका हं, माणूस निघालाय, पाचच मिनिटं," हे ती इतक्या मायेने सांगायची की अडकलेली माणसं तिच्याशी गप्पा मारत बसायची. माणूस बहुतेक वेळा अजून चहा पीत असायचा. त्याच आवाजात तिने एकदा बाबांना 'काचेसारखं' म्हणून सांगितलं होतं. तेव्हा ते बरंचसं खरंही होतं.

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला आणि सगळ्या गडबडीला तिथून सुरुवात झाली. टाकी नीट दिसेना म्हणून बाबांनी ती खिडकीपाशी सरकवली. तरी दिसेना म्हणून वर मोठा दिवा लावला. उजेड वाढला तसं शेवाळ वाढलं, शेवाळ वाढलं तसं आणखी दिसेना, म्हणून बाबांनी दुसरा दिवा लावला. मासे खाताना दिसत नाहीत म्हणजे उपाशी असणार, या हिशेबाने चिमटीची मूठ झाली. मासे गोल झाले, आणि उरलेल्या खाण्यावर शेवाळ पोसलं.

ऑपरेशनचं नाव काढलं की बाबा विषय बदलायचे. सुनेनेच महिनाभर मागे लागून त्यांना तयार केलं. "तू म्हणतेस ना दुखत नाही, मग झालं," ते म्हणाले. मुलाने हेच सांगितलं तेव्हा त्यांनी कानाचं यंत्र काढून ठेवलं होतं.

तारीख मिळाली त्या दिवशी नवरा खुशीत घरी आला. बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

"मंगळवारी ऑपरेशन, बुधवारी पट्टी निघणार," तो म्हणाला. "तुझा चेहरा का असा?"

"बुधवारी ते टाकी बघतील."

"अरे बाप रे! तू त्यांना काय सांगतेस रोज?"

"काचेसारखं."

"दोन वर्षं?"

"आधी खोटं नव्हतं रे. मग थोडं झालं. मग मधेच कसं सांगायचं, की आज अचानक हिरवं झालं म्हणून?" तिने पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला घेतला. "डोळ्यांत थेंब मी सांगितले म्हणून घालतात. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. परत माझ्या शब्दावर उठतील का ते खुर्चीतून?"

हातात आठ दिवस होते. पहिल्या दिवशी तिने जुन्या ओळखपत्राने काच खरवडली. दुसऱ्या दिवशी खरवडलेलं सगळं पाण्यात तरंगून पाणी आणखीच घट्ट झालं. तिसऱ्या दिवशी तिने माशांच्या दुकानात फोन लावला. दुकानातल्या बाई एकेक विचारत गेल्या.

"दिवा किती तास?"

"उठल्यापासून झोपेपर्यंत."

"किती दिवे?"

"दोन. आणि खिडकी."

"खाणं?"

"मूठभर. दोनदा."

"ताई, तुम्ही शेवाळ घालवताय की शेती करताय?"

उपाय सोपा होता. अर्धं पाणी बदला, मग तीन दिवस टाकीवर जाड पांघरूण, उजेडाचा कण नको, खाण्याचा दाणा नको. मासे मरत नाहीत, शेवाळ मरतं. मग पुन्हा पाणी बदला, आणि पुढे दिवा सहा तासच.

अडचण एकच. बाबा दिवसातले आठ तास टाकीसमोरच बसायचे.

"आपण दुसरी टाकी ठेवू," नवरा म्हणाला.

"कुठून आणू?"

त्याने लॅपटॉप पुढे केला. पडद्यावर मासे पोहत होते. सलग दहा तासांचं चित्रण, झाडं, बुडबुडे, सगळं. खरी टाकी पांघरुणाखाली गेली आणि लॅपटॉप तिच्यासमोर स्टुलावर उभा राहिला. बाबा येऊन बसले. पुढे वाकले. दोघांनी श्वास रोखला.

"आज भलतेच चपळ आहेत," बाबा खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी मूठभर खाणं कळफलकावर सोडलं.

दोन दिवस हे उत्तम चाललं. बायको दर तासाला ब्रशने कळफलक झाडायची, नवरा ऑफिसात सांगायचा की लॅपटॉप आजारी आहे. तिसऱ्या दिवशी पाच वर्षांच्या पिटुकलीने कुठलंतरी बटण दाबलं आणि चित्रण तळ्यातून थेट समुद्रात शिरलं.

बाबा खुर्चीत ताठ झाले. "अगं, हा एवढा मोठा कोण?"

"शार्क!" पिटुकली आनंदाने ओरडली.

"गप्पीच आहे, बाबा," आई धावत आली. "मादी आहे. दिवस भरलेत."

"बिचारी," बाबा म्हणाले, आणि तिला म्हणून त्यांनी जास्तीची मूठ टाकली. लॅपटॉप तिथेच बंद पडला. पण तोवर तीन दिवस भरले होते.

पांघरूण काढलं तर खरोखर जादू! शेवाळ राखेसारखं तळाशी बसलेलं. बाबा दवाखान्यात होते त्या दिवशी तिने नळीने तळ उपसला, पाणी बदललं, दगड न् दगड दातांच्या ब्रशने घासला. मधून मधून फोन घेत होती. "घाबरू नका हं," ती अडकलेल्या माणसांना सांगत होती, कोपरापर्यंत भिजलेल्या हाताने. संध्याकाळी टाकीत सातच्या सात मासे दिसले. एकमेकांना बघून तेही जरा बिचकलेले वाटले.

बुधवारी बाबा काळा चष्मा लावून घरी आले. टाकीसमोर उभे राहिले. हळूच चष्मा कपाळावर सरकवला.

"काचेसारखं आहे की नाही?" सून म्हणाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच हे वाक्य ती टाकीकडे बघून म्हणाली होती.

"माझं रान कुठे गेलं?" बाबांनी विचारलं.

"कुठलं रान?"

"इथे रान होतं ना! दाट, हिरवंगार. दोन वर्षं बघतोय मी." त्यांनी वाकून बघितलं. वाळूत तीन काटकुळ्या काड्या उभ्या होत्या, एकीला अडीच पानं. "तुझी सासू म्हणायची, तुमचा हात घड्याळाला लागतो, झाडाला नाही. कुंडीतलं तर सोडा, तुमच्या हातून पाण्यातलंसुद्धा वाळेल. ती गेली आणि नंतर हे वाढायला लागलं. रोज मनात म्हणायचो, बघ बाई, आता बघ."

सून स्टुलावर बसली. मग तिने सगळं सांगितलं. शेवाळ, दिवे, मूठ, लॅपटॉप. काहीच गाळलं नाही. नवरा दारात उभा राहून पायाने फरशी पुसत होता.

"म्हणजे ती पोटुशी गप्पी..."

"शार्क होती," ती खाली मान घालून म्हणाली.

बाबांच्या खांद्यांना आधी नुसतेच गचके बसले. मग ते मोठ्याने हसायला लागले, इतके की खुर्चीच्या पाठीवर हात टेकावा लागला. "तिचंच खरं ठरलं म्हणायचं! गेली तरी जिंकली बघ."

"शेवाळ पण झाडच असतं ना, आजोबा?" पिटुकलीने मधेच विचारलं.

बाबा थांबले. वळले. "हो की गं. आणि ते लावलं कुणी, मीच ना?" मग सुनेकडे बोट करून म्हणाले, "मागची काच घासायची नाही. तेवढी माझी. बाकीच्या तिन्ही तुझ्या."

"पण बाबा, मी दोन वर्षं तुमच्याशी..."

बाबा ऐकत नव्हते. नव्या डोळ्याने ते तिच्याकडे बघत होते. तुटलेल्या घड्याळाचं झाकण उघडून बघावं तसं, निवांत, आतपर्यंत.

"डोळ्यांखाली हे काळं काय आलंय तुझ्या?"

"शेवाळ आहे, बाबा," ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली.

"कधीपासून?"

तिच्या तोंडावर आलं होतं, की काही नाही, एकदम ठीक आहे. "पोर झाल्यापासून," ती म्हणाली.

"मग जा, खोलीतला दिवा बंद कर आणि झोप. तो घेईल तुझे फोन." दारातला नवरा दचकला. बाबांनी खुर्ची टाकीकडून फिरवून पिटुकलीच्या बाजूला वळवली. "आणि हिच्याकडे मी बघतो. आता दिसते ती मला."