न वाजणारा रणगाडा

आमच्या ह्यांना देवाने तोंड दिलंय ते फक्त भात घालायला. घराला आग लागली तरी हे आधी चहा संपवतील आणि कोणी विचारलंच तर सांगतील. अशा माणसाबरोबर मी संसार ओढला तो माझ्या कानांच्या जोरावर. अख्ख्या पावस गावात माझ्यासारखी नारळ पारखणारी बाई नाही! कानाशी धरून हलवायचा. पाणी वाजलं तर घ्यायचा, नाही वाजलं तर ठेवून द्यायचा. दुसरीतून शाळा सुटली, पण नारळात मी कधी फसले नाही.

आमच्या लेकीचे, हौसाचे सासरे सुभेदार. सैन्यात रणगाडा चालवायचे. त्यांची एकसष्टी आली. लग्नात मानपान कमी पडला म्हणून विहीणबाई अजून नाक मुरडत होत्या, तेव्हा आता असा आहेर द्यायचा की नाक सरळच झालं पाहिजे! सुभेदार ह्यांना म्हणाले होते की हल्लीच्या रणगाड्यांचे हुबेहूब छोटे नमुने खोक्यातून मिळतात, एक मिळाला तर मजा येईल. एवढं ह्यांनी मला सांगितलं. पुढचं गिळलं.

रत्नागिरीला दादूच्या खेळण्यांच्या दुकानात गेलो. त्याने तीन खोकी मांडली. एकावर वाळवंटातला रणगाडा, एकावर बर्फातला, एकावर चिखलातला. मी पहिलं कानाशी धरून हलवलं. खळखळ! दुसरं, खळखळ. तिसरं तर काजूबियांच्या डब्यासारखं वाजलं.

"दादू, मेल्या, सगळे फुटलेत की रे! एस्टीच्या टपावरून आणलेस काय?"

"काकू, ते असेच..."

"असेच असतील तर तुलाच ठेव."

ह्यांनी घसा खाकरला. मला वाटलं तंबाखू लागली.

काचेच्या कपाटात वरच्या फळीवर एक खोकं एकटंच मिरवत होतं. ते उतरवायला लावलं. हलवलं. आवाज नाही! नारळाचं गणित वेगळं, त्यात पाणी असतं. रणगाड्यात कसलं आलंय पाणी? वजनाला हलकं वाटलं, पण परदेशी माल हलकाच असायचा.

"काकू, ते नुसतं शोला..."

"शोचंच पाहिजे मला. चारचौघांत द्यायचंय."

दादूने ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी छताकडे. शेवटी दादू म्हणाला, याचे कसले पैसे घेऊ, न्या. बघा, माणसाचा दरारा असावा लागतो! मी ताठ मानेने बाहेर पडले. हे मागे रेंगाळले, नेहमीसारखे.

एकसष्टीला मांडव भरलेला. विहीणबाई पुढ्यातच. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की रणगाडा स्वतः पारखून आणलाय, आत एक तुकडा सैल नाही. सुभेदारांनी झाकण उघडलं. आत एक मेलेलं झुरळ.

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. सुभेदार मात्र गंभीर. "वा, विहीणबाई! लढाईत रणगाडा असाच लपवायचा असतो. मला उभ्या नोकरीत एवढा जमला नाही."

मांडव हसून लोळला. मला वाटलं, भुईने पोटात घ्यावं.

तेवढ्यात हे उठले. छत्रीच्या पिशवीतून त्यांनी वाळवंटातल्या रणगाड्याचं खोकं काढलं आणि सुभेदारांच्या कानाशी नेऊन हलवलं. खळखळ!

"सुटे भाग!" सुभेदारांचा चेहरा उजळला. "काशीरामदादा, लक्षात ठेवलंत! स्वतःच्या हाताने जोडायचाय म्हटलं होतं मी."

पानं वाढलेली तशीच राहिली. दोघे व्याही मांडी घालून रणगाड्याची चाकं निवडत बसले, जसे तांदळातले खडे निवडायला बसवलेत. विहीणबाई वरण गार झालं म्हणून सुभेदारांवरच करवादत होत्या. मानपान कुणाच्या डोक्यातसुद्धा राहिला नाही.

परतताना एस्टीत मी ह्यांना धरलं. तो सुटा असतो हे ठाऊक होतं, तर दुकानात तोंड का नाही उघडलंत?

"तू उघडू दिलंस कुठे?"

एवढं बोलून हे खिडकीबाहेर बघायला लागले. मीही सोडते थोडीच.

"ऐका. माझ्या बापाने जन्मात एकच नारळ न वाजवता घेतला, तो तुम्ही. भरलेला निघालात, हे माझं नशीब. पण पुढच्या वेळी जरा वाजत जा!"