हवालदारांचं सांगलीशी वैर

आमच्या शेजारच्या हवालदारकाकांच्या घरी काही महिने पांढरी आमटी शिजत होती. हळद सांगलीची, आणि सांगलीचं काही घरात येऊ द्यायचं नाही, असा काकांचा हुकूम होता. काकू दुपारी हळूच आमच्याकडे येऊन वाटीभर पिवळी आमटी पिऊन जायच्या.

या वैराचं कारण टेनिस. पलटणीत काका साहेबांच्या टेनिस कोर्टाची निगा राखायचे आणि साहेबांना जोडीदार मिळाला नाही की समोर उभे राहायचे. निवृत्त होऊन कराडला आल्यावर सरकारी बंगल्यांमागचं ओसाड मुरमाचं कोर्ट त्यांनी मागून घेतलं. सकाळी स्वतः रोलर ओढायचे, चुन्याच्या रेघा मारायचे आणि गल्लीतल्या पोरांना शिकवायचे. फटका बरा बसला तर "मंजूर", नाहीतर "नामंजूर". तिसरा शब्द नाही.

केळीवाल्या बागवानांची रझिया त्यांची सगळ्यात लाडकी. काकांनी "मंजूर" म्हणेपर्यंत तिचा चेंडू मागच्या भिंतीवर आपटलेला असे.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सांगलीला टेनिसचं विभागीय केंद्र निघालं. आसपासच्या जिल्ह्यांतली चांगली पोरं निवडायची, वसतिगृहात ठेवायची, शाळाही तिथंच. तिथले सर पांढरी पँट घालून कराडला आले आणि रझियाला निवडून घेऊन गेले. काकांनी हसून निरोप दिला, घरी आले आणि हळदीचा डबा शेजारी देऊन टाकला.

मग रोज संध्याकाळी माझ्या, म्हणजे शाळामास्तराच्या, ओट्यावर त्या सरांचा उद्धार. "मास्तर, पांढरी पँट घातली की टेनिस येतंय व्हय?" रझिया सुट्टीत आली आणि नव्या तऱ्हेची सर्व्हिस करून म्हणाली, आमच्या सरांनी शिकवली. काका त्या दिवशी जेवले नाहीत. "आमचे सर म्हणली. मग मी कुणाचा?"

एक दिवस ते सर स्वतःच काकांच्या दारात उभे राहिले. पोरगी धड खेळत नाही, जेवत नाही, सारखी तुमचं नाव घेते, जरा येता का, म्हणाले. काकांना एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पलटणीतला कोट चढवला, मला बरोबर घेतलं आणि पोरीला घेऊनच परत यायचं ठरवून एसटीत बसले.

सांगलीला पोचलो तेव्हा खेळ चालू होता. काका तारेच्या कुंपणाला धरून बघत राहिले. रझियासमोर तिच्याच वयाची एक मुलगी होती आणि ती हिचा प्रत्येक चेंडू परतवत होती. कराडात असं कुणी नव्हतं.

खेळ संपताच रझियानं खोलीतून ट्रंक आणली. म्हणाली, काका, मला न्या.

काकांनी ट्रंक तिच्या हातून घेऊन खाली ठेवली. मग म्हणाले, "कुठं येतीस, रझू? गुडघं गेलं माजं. कोर्ट बंद केलंय म्या."

मी खाली बघत राहिलो. त्याच सकाळी त्यांनी रोलर ओढला होता. रझिया रडली आणि ट्रंक उचलून आत गेली.

दिवाळीत ती घरी आली. तेवढे दिवस काकांनी पोरांना सुट्टी दिली, नेट काढून माळ्यावर टाकलं आणि गुडघ्याला फडकं बांधून ओट्यावर बसले. रझिया सकाळ-संध्याकाळ येऊन त्यांचा पाय चेपायची आणि पुण्याच्या सामन्यांचं सांगायची. जायच्या दिवशीही चेपून गेली.

ती वळणापलीकडे गेल्यावर मी म्हणालो, "काका, सकाळी फडकं डाव्या गुडघ्याला होतं."

काकांनी उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. गाठ सोडता सोडता त्यांचा हात थांबला.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "तिच्या ध्यानात आलं आसंल का?"