हॉलमध्ये आखलेली गाडी

माणसाने गाडी घ्यावी, गाडीतून फिरावं, कंटाळा आला की गाडी विकावी. पण गाडी घरात आणू नये. इंचपट्टींनी ती आणली, आणि तीही विकत घेण्याआधी. तिथेच सगळं बिनसलं.

इंचपट्टी हे त्यांचं आडनाव नव्हे. ते बांधकाम खात्याच्या ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होते आणि हे नाव त्यांना हाताखालच्या पोरांनी पाठीमागे दिलं होतं. (पुढे त्यांना ते कळलं, आणि मनापासून आवडलं. त्यामुळे पोरांची सगळी मजा गेली.) सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक रेघ चुकली नव्हती, असं ते स्वतःच सांगत. नव्या पोरांना पहिल्या दिवशी दम भरायचा तोही ठरलेला: "नकाशावर लिहिलेला आकडा वाचायचा! वर फूटपट्टी ठेवून मोजत बसायचं नाही! कागद फसवतो!"

तर या इंचपट्टींकडे अकरा वर्षं एक झोपायची व्हॅन होती. मूळची ती बेकरीची पाव पोचवणारी गाडी. तिच्यात दोन बाकं, एक शेगडी आणि एक पडदा बसवून घेतला होता. सुट्टी लागली की इंचपट्टी, त्यांची बायको, कन्या आणि सासूबाई असा चौघांचा लवाजमा तिच्यात बसून कुठल्याशा तळ्याकाठी जायचा. गाडीचं नाव डबडं. डबड्यात इंचपट्टींना ताठ उभं राहता येत नसे, त्यामुळे प्रत्येक सहलीनंतर आठवडाभर ते जगाकडे संशयाने पाहिल्यासारखे मान वाकडी करून फिरत. शेवटी मागच्या महिन्यात शोरूमवाल्याने नव्या गाडीच्या बदल्यात डबडं घेतलं, आणि घरात एकच विषय उरला. पुढची कुठली?

पर्याय दोन होते. कंपनीने त्यांना काही अगम्य अक्षरं आणि आकडे दिले होते, पण घरात त्यांची बारशी झाली ती महाराजा आणि चिमणी अशी. महाराजा म्हणजे चाकांवरचा बंगला: सहा जणांची झोपायची सोय, स्वयंपाकाचा ओटा, वेगळी मोरी. महाराजा अजून शोरूममध्ये यायचा होता, त्याचे फक्त फोटो फोनवर आले होते. चिमणी म्हणजे आपली साधी व्हॅन, पण छत उंच.

इंचपट्टींचा जीव महाराजावर जडला होता. त्या उंच सीटवर बसून आपण स्टिअरिंग फिरवतोय आणि मागे अख्खं घर चाललंय, हे चित्र त्यांना ऑफिसात फायली चाळतानाही दिसायचं.

"नाकापेक्षा मोती जड," बायको म्हणाली. ती हॉस्पिटलात हेड नर्स होती आणि घरातही तिचा आवाज वॉर्डातल्यासारखाच चाले. "तळ्याकडच्या त्या बोळातून जाईल का ती?"

"बोळ मी मोजलाय."

"आणि मागे घ्यायची वेळ आली तर? डबडं मागे घेताना फळवाल्याची अख्खी गाडी आडवी केली होती तुम्ही."

"ती उतारावर होती," इंचपट्टी म्हणाले. (ती सपाटीवर होती. उतारावर गेली ती कलिंगडं, नंतर.)

शोरूमवाल्याने निरोप धाडला की महाराजा रविवारी येतोय, दुसरं एक गिऱ्हाईक टपून बसलंय, रविवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवा. तेव्हा शुक्रवारी इंचपट्टींनी तो छोटासा निर्णय घेतला. महाराजा हॉलच्या फरशीवर खऱ्या मापात आखायचा, शनिवार-रविवार सगळ्यांनी त्याच्यातच राहायचं, आणि मग मत द्यायचं. एकदा ती ऐसपैस जागा अनुभवली की बायको आपणहून हो म्हणेल, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

फोनवर आलेला महाराजाचा नकाशा त्यांनी ऑफिसच्या प्रिंटरवर काढला. प्रिंटरने, आजकालची यंत्रं असतात तशा शहाणपणाने, तो कागदात बसवण्यासाठी लहान केला. तरी कडेचे आकडे कापले गेलेच. उरलं ते फक्त खाली कोपऱ्यातलं 'स्केल एकास पंचवीस'. आणि मंडळी, ज्या माणसाने सव्वीस वर्षं पोरांना झापलं, त्या माणसाने खिशातून पट्टी काढली, कागदावर ठेवली आणि पंचवीसने गुणायला सुरुवात केली. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

महाराजा भरला लांबीला सोळा फूट आणि रुंदीला पाच.

"आपला हॉल अठरा फुटांचा, त्यात बरोब्बर मावतो," असं म्हणत इंचपट्टींनी सोफा बाल्कनीत ढकलला आणि गुडघ्यांवर रांगत निळी चिकटपट्टी लावली. ओटा, मोरी, बाकं, दार, सगळं. मग उभं राहून कंबर दाबत जाहीर केलं, "भिंतींतून जायचं नाही. ये-जा दारातूनच."

शनिवारी सकाळी सात वाजता कुटुंबाने महाराजात प्रवेश केला. दार सोळा इंचांचं होतं. बायको आडवी होऊन शिरली, कन्या शिरली, सासूबाई दारात थांबल्या.

सासूबाईंनी तीस वर्षं शाळेत शिवणकाम शिकवलं होतं. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा स्वतःकडे पाहिलं. "जावईबापू, हे दार आहे की बटणाचं काज?"

"आधुनिक डिझाइन आहे, आई. जागेची बचत."

"बरं बाबा," म्हणून त्या कुशीवरून आत आल्या.

झोपायचं बाक चार फुटांचं निघालं. इंचपट्टींनी त्यावर गादी अंथरली आणि प्रात्यक्षिक म्हणून स्वतः आडवे झाले. गुडघे हनुवटीला लागले.

"बाबा, तुमचे पाय ओट्यावर येतायत," कन्या म्हणाली. ती कॉलेजात होती आणि बोलताना फोनमधून डोकं वर काढत नसे. "तिथे मी चहा ठेवलाय."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं उगाच म्हटलेलं नाही," इंचपट्टी गुडघ्यांमागून बोलले. "माणूस झोपेत आखडतोच. कंपनीने अभ्यास केला असेल."

मोरी दोन फूट बाय दोन फूट होती. तिच्यात इंचपट्टी उभे राहिले तर वळता येईना, आणि वळले तर बाहेर निघता येईना. मानी माणूस! रेघेवरून पाय उचलला असता तर सुटका होती, पण भिंत ती भिंत. शेवटी बायकोने खांद्याला धरून, पेशंटला फिरवतात तसं, त्यांना अलगद दाराशी आणलं.

दहाच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या काकू वाटी परत द्यायला आल्या. चौघंजण हॉलच्या मधोमध एकमेकांना चिकटून उभे आहेत, आजूबाजूला सगळी खोली मोकळी, आणि सोफा बाल्कनीत ऊन खातोय, हे पाहून त्या उंबऱ्यावरच थबकल्या.

"काही झालंय का हो?"

"काही नाही, या ना," इंचपट्टी म्हणाले. "अं अं, तिथून नको! ती भिंत आहे. दार इकडे."

काकूंनी वाटी हळूच जमिनीवर ठेवली. "नंतर येते मी," त्या म्हणाल्या आणि पाठ न दाखवता मागच्या मागे गेल्या.

रविवारी दुपारपर्यंत इंचपट्टींची मान डबड्याच्या काळाहून वाकडी झाली होती. ओट्याच्या कोपऱ्यावर (तो नव्हताच, पण त्यांना लागला) कोपर आपटून घेऊन झालं होतं. बायकोने मतदान घेतलं. महाराजाच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. इंचपट्टींनी उचलला असता, पण खांद्यातून कळ आली.

"मोठी म्हणवून घेते आणि छळते," बायको म्हणाली. "त्यापेक्षा चिमणी बरी. लहान आहे, आणि लहान म्हणवून घेते."

इंचपट्टींना फार वाईट वाटलं. पण फोन त्यांनीच लावला. "महाराजा नको. लहान पडतो," त्यांनी शोरूमवाल्याला सांगितलं.

"लहान?" पलीकडून आवाज आला. "साहेब, घरात माणसं किती?"

"चार."

शोरूमवाल्याने तो आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

चार वाजता सगळे चिमणी बघायला शोरूमला गेले. महाराजाच सोळा फुटी, तर चिमणी म्हणजे पेटीच असणार, अशा तयारीने इंचपट्टी आत शिरले आणि चक्क ताठ उभे राहिले. बायको मागून आली, इकडून तिकडे पावलं टाकत गेली. "अहो, ही तर आपल्या हॉलातल्या महाराजाएवढीच आहे की! आणि बाक बघा, पाय लांब करता येतात."

इंचपट्टींनी डोळ्यांनीच त्या बाकाचं माप घेतलं. ते खाली उतरले. शेडच्या पलीकडे काहीतरी पांढरं चमकत होतं. त्यांना आधी वाटलं शेजारची इमारत असेल. मग इमारतीला चाकं दिसली.

तो महाराजा होता. चांगला चोवीस फुटांचा. टपून बसलेलं गिऱ्हाईक, एक लठ्ठ गृहस्थ, त्याच्या मोरीत उभं राहून आरामात गोल फिरत होतं. कुठे कोपरसुद्धा लागत नव्हतं. इंचपट्टींनी खिशातून तो प्रिंट काढला. कोपऱ्यातलं स्केल पाहिलं, कापलेल्या कडा पाहिल्या. सव्वीस वर्षांनी कागदाने फसवलं होतं.

शोरूमवाला जवळ येऊन कुजबुजला, "साहेब, त्यांची सही व्हायचीय अजून. तुमचा नंबर आधी होता. मनात असेल तर आत्ता बोला. पण हा लहान कसा पडला हो तुम्हाला?"

आता बघा, एक वाक्य पुरलं असतं. 'माझं माप चुकलं.' चार शब्द सुद्धा नाहीत, आणि महाराजा दारात! इंचपट्टींनी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून बायको आली आणि शोरूमवाल्याला म्हणाली, "यांनी स्वतः मोजलंय. सगळं जग चुकेल, पण मापात हे चुकायचे नाहीत. सव्वीस वर्षं झाली, एक रेघ चुकली नाही यांची."

सासूबाईंनी मान डोलावली. कन्येने फोनमधून डोकं वर काढून बाबांकडे पाहिलं.

तिघींसमोर आता काय बोलणार? इंचपट्टींनी एकदा त्या उंच सीटकडे पाहिलं. मग तोंड मिटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. चिमणीच्या कागदांवर त्यांनी सही केली, तीही नेहमीच्या वळणदार अक्षरात.

परतीच्या वाटेवर मात्र चमत्कार झाला. चिमणी सुरेख पळत होती. इंचपट्टी स्टिअरिंगवर बोलत होते आणि मागून तिघींचे शेरे थेट कानात पडत होते. कन्या गुणगुणत होती. सासूबाईंनी मागून हात लांब करून त्यांच्या तोंडात लिमलेटची गोळी घातली. बोळात चिमणी एका दमात वळली. माणसाने आणखी काय मागावं? आणि जितकं सुख वाटू लागलं, तितकी ती मिटलेली मूठ त्यांना जड होऊ लागली.

घराखाली गाडी लावून सगळे आतच बसून चहा प्यायले. दुसरा घोट घेताना इंचपट्टींना राहवेना. "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय," ते म्हणाले, आणि डोळे मिटून सगळं ओकून टाकलं. प्रिंटर, स्केल, पट्टी, चोवीस फूट. "मी तुम्हाला दोन दिवस खोट्या गाडीत कोंडलं. मला माफ करा."

त्यांनी एक डोळा उघडला. बायको बिस्किट बुडवत होती.

"बाबा, हॉलच्या फरशा दोन फुटी आहेत," कन्या म्हणाली. "आठ फरशा मोजल्या आणि कंपनीच्या साइटवर बघितलं. शनिवारी सव्वासात वाजता."

"तुला माहीत होतं?"

"मी तर दारातच ओळखलं," सासूबाई म्हणाल्या. "अर्ध्याहून जरासं जास्त कापड बेतलंय म्हटलं."

इंचपट्टी बायकोकडे वळले. "आणि तू? तू शोरूममध्ये ते सगळं म्हणालीस..."

"म्हणाले. नसते म्हणाले तर तुम्ही तो बंगला घेतला असता." तिने कप खाली ठेवला. "अहो, त्यात तुम्ही पुढे आणि आम्ही वीस फूट मागे. अकरा वर्षं तुमची बडबड कानाशी ऐकतेय मी. आता मला तिच्याशिवाय प्रवास करमत नाही."

इंचपट्टी विरघळले. डोळ्यांत पाणी आलं. महाराजा गेला त्याचं दुःख कुठल्या कुठे पळालं. आपलं माप चुकलं ते बरंच झालं, असं ते आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले.

सासूबाई मात्र चहा संपवून खिडकीतून वर, आपल्या पाच मजली इमारतीकडे टक लावून पाहत होत्या. मग त्यांनी काळजीच्या सुरात विचारलं, "जावईबापू, खरं सांगा. या बिल्डिंगचा नकाशा तुम्ही नव्हता ना काढला?"

तो त्यांनीच काढला होता.