गोधड्यायची मंडळी

“उठ बे! सुमनबाईच्या मांडीवर बसला तू!”

याकोब काकाची अन् माही पयली ओळख ही अशी झाली. मी टुणकन उठलो. मांगं वळून पाह्यलं, त बाकावर बाई नाही का माणूस नाही. घडी केलेली एक जाडजूड गोधडी. मंग आजूबाजूले पाह्यलं, त आख्ख्या चर्चमधे बाकाबाकावर गोधड्याच गोधड्या. काही पातळ, काही जाड्या, काही एकावर एक. अन् पुढं ढोलकीच्या बाजूले गळ्यात लाल इलेक्ट्रिक गिटार अडकवून हा म्हातारा उभा. डोक्याले कानटोपी, जुनी खाकी प्यांट, पायात रबरी चप्पल.

“सॉरी,” मी म्हणलं. कोणाले म्हणलं ते मलेच समजलं नाही. गोधडीलेच म्हणलं असन.

“नशीब तुह्यं, खिडकीकडं सरकून नाही बसला,” काका म्हणे, अन् गिटारचे कान पिळाले लागला.

मी गजू. बुलढाण्यात माही साऊंड सर्व्हिस आहे. लग्न, हळद, वाढदिवस, मिरवणूक. शाळेनं मले सोडलं का मी शाळेले, याच्यावर आमचं दोघायचं अजून एकमत नाही. आवाजातलं मले एकच समजते, वाढवाचा. कमी कसा कराचा हे कोणी कधी इचारलंच नाही, म्हून शिकलो नाही. एक डाव वरातीत असा बेस सोडला का नवरदेवाची घोडी उधळली, अन् नवरदेव वऱ्हाडाच्या आंधी एकटाच मांडवात पोचला. लोकं म्हणे, टायमावर लागलेलं हे आपल्याकडचं पयलंच लग्न.

असा माणूस चर्चवाल्यायनं बोलावला. त्याईचे जुने भोंगे बसले होते, म्हून दर रविवारी माहे स्पीकर लावाचे असं ठरलं. शनिवारी दुपारी जागा पाहाले गेलो, अन् सुमनबाईच्या मांडीवर बसलो.

याकोब काका म्हणजे रिटायर एसटी डायवर. सारी नोकरी राजूर घाट चढण्या-उतरण्यात गेली. गिटार त्याले लहानपणी वसतिगृहात कोण्यातरी पाळकानं शिकवली, अन् ही लाल इलेक्ट्रिक गिटार त्यानं रिटायर झाल्यावर घेतली. पण डोकं स्टेअरिंगवरच राह्यलं. आवाजाचं काही इचारा, उत्तर एसटीतूनच येते.

“काका, ह्या गोधड्या काहाच्या?” मी इचारलं.

“रिकामी एसटी घाटात कशी चालते?”

“खडखड करत.”

“अन् भरलेली?”

“गपगार.”

“मंग? आवाज माणसं पिते बे. रिकाम्या चर्चमधे म्या सेटिंग केलं, अन् रविवारी माणसं येऊन बसले, का सेटिंग गेलं. म्हून आज गोधड्या बसवतो. उद्या माणसं बसले का आवाज तोच.”

तर दर शनिवारी हा म्हातारा हातगाडी घेऊन घरोघर फिरे अन् ज्याची गोधडी त्याच्याच जागेवर आणून ठेवे. कोणी काही म्हणत नसे. उलट बायाच दारात गोधडी घेऊन उभ्या राहत. ढोलकीवाल्याची आई गावाले गेली असली, का त्या दिवशी तिची गोधडी गैरहजर. सुमनबाईले पयले एकच गोधडी होती, मंग दोन झाल्या. त्या कंबरेवर हात ठेवून आल्या, “भाऊजी, माह्यावर दोन काऊन हो?”

“बाई, मी नाही म्हणत,” काका गिटारकडं बोट दाखवून म्हणे. “आवाज म्हणते.”

माह्या डोक्यात त्या शनिवारी एकच गोष्ट बसली, का म्हातारा सरकला. अन् त्याले पुरावाबी भेटला. त्याचा गिटारचा अँप, ढोलकीएवढा डब्बा, लोकायकडं पाठ करून भितीकडं तोंड करून ठेवलेला. मले दया आली. म्हणलं, म्हातारा माणूस, पुढची बाजू कोणती हे ध्यानात येत नसन बिचाऱ्याच्या. रविवारी उपासनेच्या आंधी, पुण्याचं काम म्हून, मी तो डब्बा हळूच सरळ करून लोकायकडं फिरवला. तेवढ्यानं मन भरलं नाही, म्हून माह्या लग्नाच्या मोठ्या स्पीकरलेबी जोडून देला.

पाळकसाहेबायनं गीत सांगतलं. काकानं पयला हात मारला.

बाप्पा! खिडकीतले कबुतरं उडाले. एक लेकरू रडाले लागलं, त्याले पाहून दुसरं. मांगच्या बाकावर एक आजोबा होते, त्याईची उपासनेत डुलकी ठरलेली. ते धडपडून उभेच राह्यले अन् डोळे मिटून हात जोडले. त्याईले वाटलं, सारं संपलं, शेवटचा आशीर्वाद चालू झाला.

उपासना झाल्यावर मनोहरराव आले. चर्चच्या पंचायचे मुख्य. इस्त्रीचा सदरा, आवाज हळू, पण शब्द पक्का. “याकोबराव, मंडळीच्या कानाले लागलं आज. नाताळाले बाहेरगावचे लोकं येणार. त्या दिवशी जर असं झालं, तर गिटार बंद. मंग आपली पेटी अन् ढोलकी बस आहे.”

मी खांबाच्या मांगं उभा. आता माहं नाव निघते म्हून पळाची तयारी केलती. काकानं नावच घेतलं नाही. “हो साहेब,” म्हणे.

“काका,” मी नंतर इचारलं, “डब्बा म्या फिरवला. माहं नाव काऊन नाही सांगतलं?”

“गाडी खड्ड्यात गेली का कंडक्टरले कोणी इचारते का बे? स्टेअरिंग माह्या हातात होतं.”

घरी येऊन बायकोले सांगतलं, मी चर्चमधे कंडक्टर लागलो. ती म्हणे, “बरं झालं. कोणीतरी तुमाले घंटी वाजवून थांबवन तरी.”

त्याच्यानंतर नाताळापर्यंत दर शनिवारी मी जाऊन बसाले लागलो. माह्यापाई त्याची गिटार बंद झाली असती, त मले जेवण गेलं नसतं. तसं मले सगळ्यात जेवण जाते, पण हे नसतं गेलं. अन् काका एकेक गोष्ट सांगे.

“अँप भितीकडं काऊन?”

“समोरून गाडी आली का तू काय करतं? हेडलाईट त्याच्या डोळ्यात मारतं?”

“डिप्पर मारतो.”

“हे डिप्पर आहे. आवाज भितीवर माराव. तिथून तो नरम होऊन लोकायकडं जाते.”

“अन् बेस एवढा कमी? गिटारमधे जीवच नाही राह्यला काका.”

“खालची सीट ढोलकीची आहे, रिझर्व. वरची लेडीज सीट, बायायच्या गळ्याची. गिटार कोण? उभा प्रवासी. मधात दांडी धरून उभं राहाव. कोणाच्या आंगावर पडू नये.”

अन् त्याचं सगळ्यात आवडतं वाक्य, “इंजिन ऐकू आलं का डायवर कच्चा.” म्हणे, चांगल्या गाडीत लोकं झोपते, बोलते, शेंगा खाते. इंजिन कोणाच्या ध्यानातबी नसते. पण घाटात बंद पडू दे एक डाव, सारी गाडी जागी होते. गिटार अशी पाह्यजे.

मले हे काही पटे ना. ऐकूच नाही आली त वाजवाची काहाले? एका शनिवारी काकानं मले गोधड्यायच्या मधात बसवलं, एका तरुण पोट्ट्याच्या मोकळ्या जागेवर. पेटीवाला अन् ढोलकीवाला आलते, सुमनबाई गाऊन राह्यल्या होत्या. मी डोळे मिटले. पेटी ऐकू आली, ढोलकी ऐकू आली, सुमनबाई ऐकू आल्या. गिटार काही नाही.

“काका, वाजवून राह्यले का?” मी वरडलो.

काकानं तारांवरचा हात उचलला.

अन् मले थंडी वाजली. खरं सांगतो. दुपारची वेळ, दार बंद, अन् जशी कोणी झोपेत आंगावरची चादर ओढून नेली तसं झालं. पेटी तीच, ढोलकी तीच, पण सारे आपआपल्या जागी एकटे एकटे वाजून राह्यले होते. काकानं पुन्हा हात ठेवला, अन् पुन्हा साऱ्यायवर चादर आली. मी इतके वर्ष आवाज इकला, पण आवाज असाबी असते हे मले माहीतच नव्हतं. मी जाऊन त्याच्या पाया पडलो. काका म्हणे, “उठ, वायरवर पाय देला तू.”

एकच गोष्ट मले समजली नव्हती. सुमनबाईच्या बाजूले, खिडकीजवळ, एक गोधडी असे. वांग्याच्या रंगाची, जरीच्या काठाची. काका गिटारचं बटण फिरवे अन् दर डाव तिच्याकडं पाहे. मी इचारलं, ही कोणाची?

“ते राहू दे,” म्हणे.

मी राहू देलं. गोधड्या रविवारी मी येईपर्यंत काका सोताच उचलून ठेवे, अन् मी बसाचो दाराजवळ मिक्सरवर, तिथून बायायचे पुढचे बाक दिसत नव्हते. तर त्या गोधडीचं पुढं काय होते, हे मले माहीत नव्हतं.

नाताळ आला. चर्चमधे पताका, मोठा तारा, नवे कपडे. बाहेरगावच्या लोकायची सकाळपासूनच गर्दी. काका गिटारच्या तारा सुरात आणून राह्यला होता, मान वर कराले सवड नव्हती. म्या म्हणलं, आज आपण कामाले याव. “काका, गोधड्यायचं मी पाहातो,” असं वरडून मी भराभर साऱ्या गोळा केल्या अन् माह्या टेम्पोत कोंबल्या. एकबी सोडली नाही. घाम पुसला अन् मिक्सरवर येऊन बसलो. मले माह्याच कामाचा अभिमान वाटून राह्यला होता, तवाच समजाले पाह्यजे होतं का काहीतरी घोटाळा झाला असन.

गीत सांगतलं. पेटी चालू झाली. ढोलकी आली. गिटार आलीच नाही.

मी उभा राहून पाह्यलं. काका तारांवर हात ठेवून तसाच उभा. नजर बायायच्या बाजूले. मांगं लोकं दाटीवाटीनं उभे, पाय ठेवाले जागा नाही, अन् खिडकीजवळ एक जागा मोकळी. कोणतीच बाई तिथं बसली नव्हती. मनोहररावायनं मान वळवून काकाकडं पाह्यलं. पेटीवाला सुरवातीचीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून राह्यला होता, जशी घाटात एसटी पयल्या गिअरवर कण्हते.

सुमनबाई गर्दीतून वाट काढत माह्याकडं आल्या. “गजूभाऊ, खिडकीजवळची गोधडी कुठं आहे?”

“टेम्पोत. साऱ्या टेम्पोत.”

“अहो, ती रूथबाईची जागा आहे! भाऊजीच्या घरवालीची.” मंग हळूच म्हणे, “गिटार जरा मोठी झाली का ती पदर कानावर घे. भाऊजी तिकडं पाहे अन् कमी करे. बोलणं नाही, काही नाही. ती देवाघरी गेली तवापासून रविवारीबी तिच्या साडीची गोधडी असते तिथं. ते म्हणते, ती जागा मोकळी राह्यली का तिथून आवाज वापस येते.”

मी पळालो. माहं नशीब पाहा, ती गोधडी साऱ्यात खाली. माह्यासारखा माणूस आवाज करून पळते, तर मी टेम्पोतल्या पातेल्यावरबी पडलो. सारं चर्च दाराकडं पाहून राह्यलं, अन् मी गोधडी छातीशी धरून बायायच्या मधातून आत. ठेवली. काकानं डोळ्यानंच खूण केली, उलटी आहे. मी फिरवली. जरीचा काठ वर आला.

काकानं गिटारचं बटण केसभर मांगं घेतलं. अन् वाजवाले लागला.

मंग काय झालं ते मी कसं सांगू? मले गिटार ऐकूच आली नाही. मले गाणं ऐकू आलं. बाहेरगावचे लोकं, ज्याईले चाल माहीत नव्हती, तेबी गाऊन राह्यले होते. ते डुलकीवाले आजोबा जागे राहून गात होते. शेवटच्या कडव्याच्या आंधी काकानं एका श्वासाएवढा हात उचलला, अन् सारं चर्च वर पाहाले लागलं, जशी घाटात गाडी थांबली. पुन्हा हात ठेवला, अन् असा आवाज उठला का मी मिक्सरवरचे दोन्ही हात मांगं घेतले. म्हणलं गज्या, कशालेच हात लावू नको.

बाहेर करंज्या वाटून राह्यले होते, तिथं मनोहरराव काकाले भेटले. “याकोबराव, आज मंडळी लय गोड गायली. तुम्ही गिटार वाजवली का नाही?”

“वाजवली साहेब.”

“हो का? ऐकू नाही आली.” मनोहररावायनं इचार केला. “मंग वाजवत जा अशीच. कोणाले तरास नाही तिचा.”

“हो साहेब,” काका म्हणे. असा लाजला, जसा एसटीत त्याले सत्कार भेटला. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यानं माह्या पायावर पाय देला.

लोकं गेले. मी आत वायरी गुंडाळत होतो. काका आला, गिटार भितीले टेकवली, अन् बायायच्या बाजूले जाऊन त्या गोधडीच्या शेजारी बसला. सुमनबाईच्या जागेवर. माह्या जिभेवर आलतं, का उठा काका, सुमनबाईच्या मांडीवर बसले तुम्ही. हे वाक्य मी पयल्या दिवसापासून जपून ठेवलं होतं. पण निघालंच नाही.

“काका,” मी इचारलं, “आवाज कसा झाला आज?”

त्यानं जरीचा काठ हातानं सरळ केला.

“पदर हालला नाही, गज्या.”

मी गुंडाळलेली वायर सोडली, अन् पुन्हा गुंडाळाले बसलो.