निळी जाकिटं आणि टेलरमामांचा सूर

टेलरमामा गायनवृंदात गेले ते काही गाण्याच्या ओढीने नव्हे. मामी जाऊ लागल्या म्हणून. इतकी वर्षं दोघांच्या संध्याकाळी दुकानातच जायच्या. मामा मशिनवर, मामी समोरच्या स्टुलावर काज-बटणं करत. मग एके दिवशी मामींनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि म्हणाल्या, "वाचनालयाच्या गाण्याच्या ग्रुपात मी नाव घातलंय."

झालं. संध्याकाळी स्टूल रिकामं. मामा मशिन चालवता चालवता काहीबाही बोलायचे, आणि उत्तर आलं नाही की त्यांच्या लक्षात यायचं, आपण स्टुलाशी बोलतोय. (स्टूल उलट बोलत नाही हे खरं. पण माणसाला उलट बोलण्याचीही सवय होते.)

शेवटी मामांनीही नाव घातलं.

वाचनालयाच्या वरच्या हॉलात घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकवून पंधरा-वीस माणसं उभ्याने गायची. शिकवायला गाण्याच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. बाई स्वभावाने मऊ, पण कान मोठा तिखट. मामांनी पहिल्या दिवशी तोंड उघडलं आणि बाईंचा हात हवेतच थांबला.

"कोणी खुर्ची ओढली का हो?"

कोणीच ओढली नव्हती. मामींनी डोळे मिटून घेतले.

आता मामांचा आवाज लहान नव्हता. आयुष्यभर मशिनच्या खडखडाटावरून गिऱ्हाइकांशी बोलून कमावलेला आवाज तो. फक्त सुराचं तेवढं जमत नव्हतं. बाकीचे एकेक पायरी चढून वर निघाले की मामा लिफ्टने वर पोचलेले असायचे, आणि सगळे वर आले की मामा खाली उतरायला लागायचे.

बाईंनी त्यांना मागच्या रांगेत उभं केलं. मग मागच्या रांगेच्या टोकाला. मग खिडकीपाशी. त्याच्यापुढे भिंत होती, म्हणून एक दिवस बाजूला घेऊन म्हणाल्या, "मामा, वाचनालयाच्या कार्यक्रमापर्यंत बघू. नाहीच जमलं, तर पुढे टाऊन हॉलच्या कार्यक्रमाला तुम्ही समोर बसा. चांगलं ऐकणारंही कोणी लागतंच की!"

मामांनी मनात हिशोब केला. म्हणजे पुन्हा ते दुकान, आणि ते स्टूल!

गळा साथ देत नसेल तर हात देईल, असं म्हणून मामांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, "कार्यक्रमाला आपण सगळे एकसारखे दिसायला हवेत. मी सगळ्यांना निळी जाकिटं शिवून देतो. बायकांना, पुरुषांना, सगळ्यांना." टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या अंगावर ज्याच्या हातचा कपडा, त्याला कोण बाहेर काढतो, असा मामांचा साधा विचार होता.

अडचण आली ती मापांची. बाईंचा नियम असा, की सराव कशासाठीही थांबायचा नाही. मग मामा टेप गळ्यात अडकवून गाणं चालू असतानाच रांगांतून फिरू लागले. पण गाताना माणसं हलतात, डोलतात, माप लागत नाही. गाण्याची शेवटची ओळ मात्र चांगली लांब होती. ती धरून ठेवताना सगळे कसे खांबासारखे स्तब्ध. मामांनी ती वेळ बरोबर हेरली. ओळ संपता संपता एकाच्या छातीभोवती टेप टाकायची, आकडा लक्षात ठेवायचा, पुन्हा गाणं सुरू, पुन्हा शेवटची ओळ, की दुसरा. (त्या क्षणी माणसाच्या अंगात श्वासाचा थेंबही उरलेला नसतो, हे मामांना कोण सांगणार?)

बेकरीवाल्याला मात्र शंका आली. माणूस अंगाने भरलेला. "मामा, जरा सैल ठेवा बरं का. आमचा धंदा पोटावर दिसतो."

"सैल? स्टेजवर पोत्यासारखे दिसाल! माझ्या फिटिंगला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही."

घरी मामीही म्हणाल्या, "अहो, गाणाऱ्या माणसाला जरा..."

"अगं, तू गाणं सांभाळ. कापड मी सांभाळतो."

कार्यक्रमाच्या दिवशी जाकिटं आली ती अगदी आयत्या वेळी, स्टेजच्या मागे. (टेलरने दिलेल्या वेळेला कपडा दिला तर गिऱ्हाईकच घाबरतं.) घाईघाईत सगळ्यांनी ती घातली आणि आरशासमोर गर्दी झाली. बेकरीवाला स्वतःला डावीकडून बघत होता, उजवीकडून बघत होता. "मामा, मी लग्नात एवढा बारीक नव्हतो हो!"

मामा कृतार्थ झाले. स्वतःचं जाकीट तर त्यांनी सगळ्यांहून अंगालगत शिवलं होतं.

पडदा वर गेला. समोर हॉल गच्च भरलेला, पहिल्या रांगेत पाहुणे. बाईंनी दोन्ही हात वर केले. खूण ठरलेली होती: श्वास घ्या, पार पोटापर्यंत.

सगळ्यांनी घेतला.

पहिलं बटण बेकरीवाल्याचं गेलं. ते माइकवर टण्णकन आदळलं आणि स्पीकरमधून असा आवाज आला, की पाहुण्यांना वाटलं घंटा देऊनच गाणं सुरू होतं. त्यांनी मान डोलावली. मागोमाग कुठे टाका उसवला, कुठे शिवण करकरली. सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. उरलेली बटणं जपायला हवी होती. मग प्रत्येक जण गरम चहाचा घोट घ्यावा तसा अगदी जपून, चिमूटभर श्वास घ्यायला लागला.

आणि गाणं सुरू झालं ते इतकं हळू, इतकं मऊ, की बाईंचे हातसुद्धा आपोआप खाली आले. कोणी कोणाच्या वर ओरडत नव्हतं. ओरडायला हवाच नव्हती.

मामांच्या जाकिटात तर गाण्यापुरतीही जागा नव्हती. ते तोंड उघडत होते, मिटत होते, डोळे मोठे करत होते. आवाज म्हणून काही बाहेर येत नव्हता. शेवटची ओळ संपली आणि टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

मागे येऊन पाहुणे म्हणाले, "काय हा हळुवारपणा! आणि सूर तर काय, एकसुद्धा खडा नाही."

मामा कोपऱ्यात घाम पुसत उभे होते. आता आपलं काही खरं नाही, असं धरून ते बाईंपुढे गेले. "बाई, चुकलं माझं. शिवणीत आत कापड सोडलंय मी. सगळी जाकिटं सैल करून देतो."

"करा, करा. टाऊन हॉलला मोकळा आवाज लागेल." बाईंनी मामांच्या ताणलेल्या बटणाकडे पाहिलं. "तुमचं मात्र आहे तसंच राहू द्या, मामा. ते अगदी बरोबर झालंय."

"मग टाऊन हॉलला मी..."

"अहो, तुमच्याशिवाय कसं होईल? पण जाकीट घालूनच यायचं हं!"

मामांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी दुकानात जाकिटांचा ढीग उसवताना त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. "ऐकलंस ना? सगळ्यांत बरोबर काय, तर माझं! बाईंना फिटिंग कळतं हो."

"कळतं तर." मामींनी मामांचं जाकीट पुढे ओढलं आणि बटणाचा दोरा कात्रीने कापला.

"अगं, ते कशाला कापतेस? ते बरोबर आहे म्हणाल्या ना!"

"तुम्हाला तसं म्हणाल्या. मला म्हणाल्या, टाऊन हॉल मोठा आहे, बटण अजून बोटभर आत घ्या." मामींनी सुईत दोरा ओवला. "चला, उभे राहा बघू. आणि श्वास सोडा."