चादरीखालची पिशवी

सासऱ्यांच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं आणि जावयाला इस्पितळातली एकच गोष्ट मनापासून आवडली. लघवीची नळी! ती थेट पलंगाला लटकवलेल्या पिशवीत उतरते, म्हणजे म्हाताऱ्याला धरून बाथरूमपर्यंत न्यायला नको. आपण खुशाल खुर्चीत पाय पसरून मोबाइल बघावा आणि घरी बायकोला सांगावं की बाबांची सेवा करतोय.

त्यामुळे सासरे वॉकर धरून चार पावलं टाकायला लागले आणि डॉक्टर म्हणाले, आता नळी काढू, तेव्हा खुर्चीतून ताडकन उठला तो जावई. सारखं उठवलं तर बाबांना त्रास होईल, त्यांच्या वयाचा विचार करा, असं काळजीचं सोंग त्याने इतकं छान वठवलं की डॉक्टरही बधले आणि उद्या बघू म्हणाले. सिस्टर मात्र बधणाऱ्यातली नव्हती. गरज संपल्यावर नळी ठेवणं म्हणजे जंतूंना आयती वाट करून देणं, शेजारच्या पलंगावरचे आजोबा त्यापायीच तापाने कुडकुडतायत, असं तिने सगळ्यांदेखत सुनावलं. सासऱ्यांचं तोंडच उतरलं. त्यांना घरी जायचं होतं, कुडकुडत पडायचं नव्हतं.

"जावईबापू, काढू द्या ना नळी. मी चालेन हळूहळू."

"बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?" म्हणत जावई पुन्हा मोबाइलमध्ये शिरला.

दुपारी फोन आला. ऑफिसातले साहेब भेटायला निघाले होते, आणि जावयाची बढती त्यांच्याच हातात होती. इतका वेळ लाडकी असलेली पिशवी आता एकदम डोळ्यांत खुपू लागली. जावयाला लाज फार; कामचुकारपणाची नव्हे, लोकांची. त्याने पिशवी उचलून पलंगाच्या कडेला ठेवली आणि वर चादर ओढली. सिस्टरने येऊन ती पुन्हा खाली लटकवली.

"कमरेच्या खालीच राहू दे. वर घेतली की घाण उलटी आत जाते."

जावयाने मान डोलावली. तिची पाठ वळली, पिशवी वर. ती आली, पिशवी खाली. सासरे पाण्याचे घोट घेत हा खेळ बघत होते. साहेब दारात आले तेव्हा पिशवी नेमकी वर होती.

साहेबांनी फळं आणली होती आणि फिक्या रंगाची कडक इस्त्रीची पँट घातली होती. जावयाने लोटांगण घालायचं तेवढं बाकी ठेवलं. इथल्या मोडक्या खुर्चीवर साहेब कसे बसणार? तो चांगली खुर्ची आणायला धावला. ती घेऊन परतला तर साहेब पलंगाच्या कडेला टेकत होते. फट्ट आवाज झाला, पिशवीची तोटी उडाली, आणि साहेब बसले त्याच्या दुप्पट वेगाने उठले. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आवाज ऐकून आलेल्या सिस्टरने फक्त पँट पाहिली. "लाजू नका काका, या वयात होतं असं," ती मायेने म्हणाली. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक हळहळले. साहेब पेशंटचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून गेले, जावयाकडे न बघता. डॉक्टरांनी फुटकी पिशवी पाहिली आणि आता नवी कशाला म्हणत नळीच काढायला लावली.

सगळं आवरल्यावर जावई त्या चांगल्या खुर्चीत कोसळला. बढती तर गेलीच होती.

"बाबा, साहेब नेमके तिथेच कसे बसले हो?"

"मीच बसवलं. म्हटलं, उभे का, इथे कडेला टेका. आमच्या जावयाने चादर खास तुमच्यासाठी नीट केलीय."

"अहो, पण खाली पिशवी होती ना!"

"असेल बाबा. मला त्यातलं काय कळतं?" सासऱ्यांनी वॉकर पुढे ओढला आणि दुसरा हात जावयाकडे केला. "चला, धरा. सकाळपासून पाणी भरपूर प्यायलोय."