रोज एक शब्द, सूर्यास्तापूर्वी

माणसाची किंमत त्याच्या शब्दावरून ठरते, आणि बेंगळुरूत ती इंग्रजी शब्दावरून ठरते. हे सत्य मारतहळ्ळीच्या आमच्या अपार्टमेंटमधल्या मराठी कुटुंबांना फार उशिरा कळलं. तोवर आम्ही 'अ‍ॅक्चुअली' आणि 'बेसिकली' एवढ्या भांडवलावर संसार रेटले, मुलं वाढवली, आणि काही जण तर मॅनेजरसुद्धा झाले (ते अजूनही त्याच भांडवलावर आहेत).

ही उणीव भरून काढण्यासाठी मधुकररावांनी इंग्रजी शब्दसंवर्धन समिती काढली. मधुकरराव सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. अशी माणसं निवृत्त करताना सरकार त्यांच्या शेजाऱ्यांचा विचार करत नाही.

समितीची पद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. कोशातले निवडक शब्द, ए पासून क्रमाने, रोज एक. अर्थ, उगम आणि वापर. पहिल्या दोन गोष्टी पाठ करता येतात, वापर मात्र खरा लागतो. शब्दात जे सांगितलं आहे ते कोणीतरी सूर्यास्तापूर्वी, साक्षीदारांसमोर, प्रत्यक्ष करून दाखवायचं. नाही जमलं, तर सगळ्यांनी पुन्हा ए पासून. "पाया कच्चा ठेवून वरचा मजला चढवत नाहीत," असं मधुकरराव म्हणतात (ते पहिल्या मजल्यावर राहतात).

या पद्धतीने आमचं इंग्रजी झपाट्याने सुधारलं. 'अ‍ॅक्यूज', म्हणजे आरोप करणे, या शब्दाच्या दिवशी आम्ही वॉचमन देवाप्पावर नारळ चोरल्याचा आरोप केला. निर्दोष ठरवण्याचा शब्द 'एक्झॉनरेट'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ओझं उतरवणे. तो ई मध्ये असल्यामुळे मधले काही महिने देवाप्पाला ते ओझं वाहावं लागलं. ओझं उतरवलं तेव्हा तो "इरली बिडी सर" एवढंच म्हणाला. असू दे म्हणाला, पण त्यानंतर तो आमच्या गाड्यांना सलाम करेनासा झाला. 'डिस्मँटल'च्या दिवशी मधुकररावांनी लिफ्ट स्वहस्ते सुटी केली. 'रिपेअर' आर मध्ये येतो. तोवर सहा मजले चढून आमच्या प्रकृतीत जी सुधारणा झाली, ती इंग्रजीखेरीज कुठल्याही भाषेने झाली नसती.

अशा रीतीने आम्ही 'जे' अक्षरापर्यंत पोचलो, आणि मधुकररावांच्या क्षितिजचा साखरपुडा ठरला. मुलगा हेब्बाळच्या एका कंपनीत. मुलगी सुप्रीता, इंदिरानगरची. तिचं घराणं इथे शेकडो वर्षांपासून मुरलेलं, त्यामुळे घरात मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होते ते त्यांनाही सांगता येत नाही. दोघांचं वर्षभर जमलेलं होतं. क्षितिज तिचं नाव निघालं तरी खुळ्यासारखा हसायचा. मुहूर्त तिच्या वडिलांनी, श्रीहरीअण्णांनी, पंचांग पाहून काढला. समितीचा कोश पाहायचं कोणालाच सुचलं नाही.

ते विद्यावहिनींच्या, म्हणजे क्षितिजच्या आईच्या, आदल्या दिवशी लक्षात आलं. साखरपुड्याच्या दिवशीचा शब्द होता 'जिल्ट'. अर्थ : वचन देऊन प्रेमाच्या माणसाला वाऱ्यावर सोडणे. उगम : जिल नावाच्या मुलीवरून असावा, पण कोशकारांना खात्री नाही. वापर : उद्या.

तातडीची सभा भरली. मुहूर्त हलेना, कारण हॉल साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी एका कंपनीला दिलेला. शब्द हलवायला मधुकरराव तयार होईनात. "आज माझ्या मुलासाठी 'जे' पुढे ढकलला, तर उद्या लोक थेट झेड मागतील." दुसऱ्या कोणी जिल्ट करावं म्हटलं, तर ते लग्नाआधीच करता येतं, आणि बाकी सगळ्या सभासदांची ती संधी केव्हाच हुकलेली (इथे सभेत दोन-तीन सुस्कारे ऐकू आले). अख्ख्या सोसायटीत पात्र असा एकटा क्षितिज.

त्याने नकार दिला असता तर पुन्हा ए. म्हणजे लिफ्ट आणखी लांब. सहाव्या मजल्यावरच्या अंबुबाईंनी आपले गुडघे पुढे केले. दारात उभा असलेला देवाप्पाही हात जोडून म्हणाला, "सर, परत ए नको."

दुसऱ्या दिवशी अंगठ्या झाल्या, पेढे झाले, आणि क्षितिज सुप्रीताला बाजूला घेऊन म्हणाला, "एक छोटा इश्यू आहे. संध्याकाळी आपण हे मोडायचं. टेम्पररी. आर मध्ये 'रिकन्साइल' आहे ना, तेव्हा परत जुळवू."

"आर केव्हा येतं?"

"पुढच्या उन्हाळ्यात. क्यू तसा लहान आहे."

सुप्रीता म्हणाली, "क्षितिज, स्वल्प विचार कर. तू नुसतं 'नाही' म्हण त्यांना. तेवढं येतं ना तुला?"

क्षितिजने बापाकडे पाहिलं, मग अंबुबाईंच्या गुडघ्यांकडे.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "मग संध्याकाळपर्यंत सुम्मने, उगीच कशाला थांबायचं?" तिने अंगठी काढून पेढ्यांच्या ताटात ठेवली आणि श्रीहरीअण्णांना घेऊन निघून गेली.

क्षितिज तिथेच खुर्चीत बसला आणि रडत रडत म्हणाला, "आय हॅव बीन जिल्टेड." वापर निर्दोष होता आणि साक्षीदार दोनशे. मधुकररावांनी त्याची पाठ थोपटली. मला मात्र त्या पोराकडे बघवेना. मी ताटातला पेढा उचलला आणि तसाच परत ठेवला.

त्यानंतर क्षितिजने एल मधले दुःखाचे सगळे शब्द एकट्याने पार पाडले आणि समितीचा मोठाच भार हलका केला. एम मध्ये 'मॅरी'च्या आसपास सुप्रीताचं लग्न झालं, दुसऱ्या मुलाशी. आम्ही जाऊन, शब्द वापरून, जेवून आलो. क्षितिज गेला नाही. क्यू मध्ये 'क्वारल', म्हणजे भांडण, हा शब्द आला. त्या दिवशी सभासदांनी जो उत्साह दाखवला तो कोशाच्या इतिहासात तोड नसलेला आहे. एकाने वापरला तरी पुरलं असतं, पण सगळ्यांनी वापरला.

आज सकाळी 'रिकन्साइल' लागला आहे. अर्थ : तुटलेलं पुन्हा जोडणे. उगम : लॅटिन. वापर : अजून नाही. क्षितिजला आता जोडायला कोणी उरलेलं नाही. बाकी सभासद तयार आहेत, फक्त पहिला शब्द समोरच्याने बोलावा एवढीच प्रत्येकाची अट आहे. आणि 'रिपेअर' या शब्दानंतर येतो, त्यामुळे लिफ्टही याच शब्दात अडकली आहे.

म्हणून समितीने ठराव करून बाहेरचा वापरही ग्राह्य धरला आहे. वाचकहो, तुमचंही कोणीतरी असेलच, ज्याच्याशी तुम्ही काही वर्षं बोललेला नाही. नंबर तुमच्याकडे आहे. सूर्यास्ताला अजून वेळ आहे.

नाही ना करणार? वाटलंच होतं. म्हणजे उद्या पुन्हा ए. देवाप्पाला मी नारळाबद्दल आधीच सांगून ठेवलं आहे.